जुन्या पिकअपला ए.सी. बसविताना

माल सुरतहून आणायचा असो की मालेगावहून, आपल्यापैकी पुष्कळ कापड व्यापाऱ्यांकडे जुनी पिकअपच असते. मे महिन्यात आपल्या छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) पारा चाळिशी ओलांडतो आणि वरून इंजिनाची धग केबिनमध्ये येते. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालट्रकांना ए.सी. केबिन सक्तीची झाली. लहान पिकअपला हा नियम नाही, जुन्या गाडीला तर नाहीच. तेव्हा ड्रायव्हरचा विचार करायचा तर खर्च आपणच करायचा.

आम्ही तो केला आणि पहिल्या उन्हाळ्यात फसलो. मिस्त्रीने कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल सगळे बसविले. सकाळी हवा गार, पण गाडी तापली की कोमट. दोनदा गॅस भरला, पैसे गेले. "सेठ, याच्यापेक्षा खिडकी बरी," असे ड्रायव्हर म्हणू लागला. शेवटी रेडिएटरचे काम करणाऱ्या एका बुजुर्ग कारागिराने बॉनेट उघडून हीटरच्या दोन पाइपांना हात लावला. खटका 'थंड'वर होता, तरी दोन्ही पाइप गरम!

गोम इथे आहे. जुन्या गाडीत गरम-थंडचा खटका तारेने चालतो. ती तार इंजिनाच्या गरम पाण्याचा व्हॉल्व्ह उघडते, मिटते. तार सैल झाली किंवा व्हॉल्व्ह गंजून अडकला की गरम पाणी हीटरमधून फिरतच राहते आणि ए.सी.ची गार हवा तिथेच तापते. गॅस कितीही भरा, उपयोग शून्य. व्हॉल्व्ह आणि तार बदलली, काम झाले. काही जण हीटरचे पाइप एकमेकांना जोडून तो कायमचा बंद करतात. आम्हाला ते पसंत नाही. पावसाळ्यात काचेवरची वाफ घालवायला गरम हवा लागते.

पंख्याचे एक पाहावे. तो फक्त शेवटच्या नंबरवर फिरत असेल तर बहुधा रेझिस्टर जळालेला असतो. मोटार बदलण्याची घाई नको. नव्या पंख्याला जुन्या बटणावरून थेट करंट देऊ नये, मध्ये रिले आणि फ्यूज हवाच. त्यात कंजुषी केली तर वायरिंग जळते. कॉइलजवळ थर्मोस्टॅट नसेल तर कॉइलवर बर्फ धरतो आणि हवा बंद पडते.

भंगारातला जुना संच स्वस्त मिळतो, पण तो आर-12 गॅसचा नाही ना, हे विचारावे. ओझोनच्या थराला घातक म्हणून 1987 च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो गॅस मोडीत निघाला. भारतात 2010 पासून गाड्यांसाठी तो बंद आहे. त्यात आर-134ए भरायचा तर जुने तेल पूर्ण काढावे लागते, कारण ते या गॅसमध्ये मिसळत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. ड्रायर आणि रबरी रिंगाही बदलाव्या लागतात. हा खर्च धरला की स्वस्त माल स्वस्त राहत नाही.

सुरतहून भरून येताना कन्नडच्या घाटाच्या पायथ्याशी आमचा ड्रायव्हर ए.सी. बंद करतो. चढावर जुन्या इंजिनाला तेवढे ओझे कमी होते. वर आल्यावर काटा खाली आला की पुन्हा चालू.