वळणावर न कलणारी गाडी

पिंपरी पेंढारहून ओतूरमार्गे माळशेज घाटात शिरल्यावर, काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरे असलेली, म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने घेतलेली महागडी स्पोर्ट सेडान वळणावर जवळजवळ सपाट राहते, तर त्याच वेगाने वळणारी उंच जीप बाहेरच्या बाजूला स्पष्ट कलते. वळताना रस्ता टायरांना आत ढकलतो, पण गाडीचे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो गुरुत्वमध्य बराच वर असल्याने वरचा भाग सरळच जाऊ पाहतो, बाहेरच्या चाकांवर भार येतो आणि तिकडच्या स्प्रिंग दबतात. सेडानचा गुरुत्वमध्य खाली आणि स्प्रिंग ताठ असतात. शिवाय डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा, म्हणजे अँटी-रोल बार, एकच बाजू दबू लागली की ओल्या कपड्यासारखा पिळला जातो आणि त्या पिळाला विरोध करत कल रोखतो. दोन्ही चाके एकदम दबली तर मात्र तो पीळ न पडता नुसता फिरतो, आणि या साध्या दांड्याचे खरे कौशल्य याच भेदात आहे. ताठ स्प्रिंग आणि बुटके टायर यांमुळे खड्डे मात्र थेट पाठीला जाणवतात. पावसाळ्यात ओल्या डांबरावर टायरची पकड घटलेली असते. कलच जाणवत नसल्याने चालकाला वेगाचा अंदाज उशिरा येतो, आणि तिथेच खरा धोका आहे.