डोंबिवली वीस बाइटांत मावत नाही

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत सी शिकणाऱ्यांच्या वहीत एक वाक्य हमखास सापडतं: 'कॅर म्हणजे एक अक्षर.' इंग्रजीपुरतं ते खपून जातं. खरं तर कॅर म्हणजे एक बाइट, एक छोटा आकडा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रा-अनुस्वारसुद्धा, तीन बाइट घेतं. म्हणजे 'ठाणे' १२, 'कल्याण' १८ आणि 'डोंबिवली' २४. स्टेशनच्या नावासाठी २० चा ॲरे घेतला तर शेवटच्या शून्यासकट ठाणे, कल्याण बसतात. डोंबिवलीला आत शिरता येत नाही. (लोकलने जाणाऱ्यांना यात नवल वाटायचं नाही.)

'मग स्ट्रएनकॉपी वापरा, ते सुरक्षित!' तेही अर्धवटच. १९ बाइट मागा, शेवटचं शून्य स्वतः लावा, तरी 'डोंबिव' येईल आणि पुढे 'ल'चा एक तुटका बाइट, पडद्यावर बहुधा प्रश्नचिन्ह होऊन. पूर्ण २० मागितले तर शेवटी शून्यच लागत नाही, आणि छापताना प्रिंटएफ शून्य सापडेपर्यंत पुढची मेमरी वाचत सुटतं.

सगळ्यात चिवट गैरसमज अक्षरं तपासणाऱ्या-बदलणाऱ्या इजअल्फा, टूअपर या फंक्शनांबद्दल आहे: त्यांना कॅर थेट द्यावा. इंटेल मशीनवर जीसीसी कंपायलरचा कॅर -१२८ ते १२७ असतो. 'ठ'चा पहिला बाइट २२४. कॅरमध्ये तो -३२ दिसतो. या फंक्शनांना मात्र अनसाइन्ड (उणे नसणाऱ्या) कॅरमध्ये मावणारा आकडा किंवा ईओएफ (फाइल संपल्याची खूण), एवढंच चालतं. बाकी काही दिलं तर काय होईल याची हमी सीचं स्टँडर्ड देत नाही. अनेक ठिकाणी आत एक तक्ता असतो आणि उणे आकडा त्या तक्त्याच्या आधीची जागा वाचतो. लिनक्सवरच्या ग्लिबसी लायब्ररीने असल्या प्रोग्रॅमांची कीव करून तक्ता -१२८ पासूनच मांडलाय, म्हणून 'माझ्याकडे चालतंय की' हे उत्तर ऐकू येतं. मायक्रोसॉफ्टच्या डीबग बिल्डमध्ये तोच कोड अडतो. इलाज सोपा: कॉल करताना आधी अनसाइन्ड कॅरचा कास्ट. त्याने 'ठ' हे अक्षर आहे हे कळणार नाही, पण प्रोग्रॅम भरकटणार नाही. अक्षर ओळखायचं तर लोकेल लावून वाइड कॅरेक्टरकडे जावं लागतं.

'गेटकॅर कॅर देतं' हेही चूक. ते इंट देतं. फजितीसाठी उत्तम नमुना म्हणजे फोटोची जेपेग फाइल. तिचा पहिलाच बाइट २५५. ईओएफ येईपर्यंत कॉपी करणाऱ्या लूपमध्ये तो कॅरमध्ये घेतला की इंटेलवर -१ होतो, म्हणजेच तिथला ईओएफ, आणि कॉपी शून्य बाइटांची निघते. तोच प्रोग्रॅम रास्पबेरी पायच्या लिनक्सवर चालवा: तिथे कॅर उणे होतच नाही, त्यामुळे फाइल संपली तरी लूप संपत नाही.