मेंदूच्या गाठीला शेक देताना

‘एम.आर.आय. झालाय की! मग आता हा पेट स्कॅन आणखी कशाला?’ मेंदूची गाठ निघालेल्या पेशंटच्या घरात हा प्रश्न हमखास निघतो. खर्च मोठा, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. गेल्या वर्षी माझ्या जाऊबाईंच्या भावाच्या आजारपणात डॉक्टरांकडून समजून घेऊन घरच्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. शाळा अर्धाच दिवस, म्हणजे मी ‘मोकळी’! तेव्हा कळलं ते मैत्रिणींना सांगावंसं वाटतं, कारण अशा वेळी फाइल सांभाळणारी बहुधा घरातली बाईच असते.

एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. एम.आर.आय. म्हणजे त्या वाड्याचा नकाशा. खोल्या, भिंती, कुठे ओल आलीय, कुठे पडझड झालीय, सारं त्यात दिसतं. पण आत्ता कुठल्या बिऱ्हाडाची चूल पेटलेली आहे, हे नकाशावरून कसं कळणार? ते पेट स्कॅन दाखवतो. पेशी काय आणि किती खाताहेत, यावरून जिवंत गाठ कुठवर पसरली आहे याचा अंदाज येतो.

त्यासाठी किंचित किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. नेहमीच्या पेट स्कॅनला साखरेसारखं एफ.डी.जी. वापरतात. १९७६ साली अमेरिकेत ते प्रथम माणसाला दिलं गेलं. पण निरोगी मेंदूही साखरेवरच चालतो ना! म्हणजे वाड्यातल्या सगळ्याच चुली पेटलेल्या. त्यात गाठीची कशी ओळखायची? म्हणून मेंदूसाठी प्रथिनांचे घटक वापरतात. मेथिओनिन, एफ.ई.टी., एफ-डोपा ही त्यांची नावं. निरोगी मेंदू ते फारसे घेत नाही, बऱ्याच गाठी मात्र अधाशासारखे ओढून घेतात. मेथिओनिनमधला किरणोत्सारी कार्बन २० मिनिटांत निम्मा होतो. तव्यावरचा फुलका थेट पानात पडावा, तसं ते जागच्या जागी बनवून लगेच वापरावं लागतं. एफ.ई.टी.मधलं फ्लोरिन निम्मं व्हायला ११० मिनिटं लागतात, त्यामुळे ते गाडीने दुसरीकडे नेता येतं.

आता शेकाकडे वळू. ग्लायोब्लास्टोमा ही फार आक्रमक गाठ. ऑपरेशननंतर टेमोझोलोमाइडच्या गोळ्या आणि ३० दिवसांत विभागून ६० ग्रे शेक, म्हणजे सुमारे सहा आठवडे, ही पद्धत २००५ पासून रूढ झाली. गाठीच्या पेशी मुळांसारख्या आजूबाजूला शिरलेल्या असतात, म्हणून दिसणाऱ्या गाठीभोवती दीड-दोन सेंटिमीटरची कड धरतात. कड कमी पडली तर गाठ निसटते; जास्त झाली तर स्मरणशक्ती, बोलणं यांना धक्का पोचू शकतो. ही हद्द आखताना एम.आर.आय.वर पेटचं चित्र बसवून पाहिलं, की डॉक्टरांना आणखी एक आधार मिळतो.

दुसरा उपयोग शेक संपल्यावरचा. जाऊबाईंच्या भावाच्या पुढच्या एम.आर.आय.मध्ये पांढरा डाग दिसला आणि घरात कुणी जेवलं नाही. पण शेकामुळे झालेली इजाही हुबेहूब गाठीसारखी दिसते. पेटमध्ये तो भाग विझलेला निघाला. पुन्हा ऑपरेशन न करता थांबायचं ठरलं, आणि नंतरच्या तपासणीत डाग लहान झाला होता. आजार संपला असं कुणी म्हटलं नाही. पण एक ऑपरेशन टळलं.

मात्र याला जादूची कांडी समजू नका. परत उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमाला पुन्हा शेक देताना हद्द एफ.ई.टी. पेटवरून आखावी की एम.आर.आय.वरून, याचा जर्मनीत २०० पेशंटांवर अभ्यास झाला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पेटमुळे आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. म्हणून कर्ज काढण्यापूर्वी डॉक्टरांना सरळ विचारा: ‘या तपासणीने उपचारात काय बदलेल?’ ‘औषध कोणतं वापरणार, साखरेचं की प्रथिनांचं?’

जाताना जुन्या फिल्मा आणि सीडी तारखेवार लावून न्या. किती तास उपाशी राहायचं ते आधी विचारून घ्या. मधुमेहाची औषधं चालू असतील तर तेही सांगा. तपासणीनंतर काही तास तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला पेशंटच्या फार जवळ बसू देऊ नका. आणि सोबत जाणाऱ्या बाईने स्वतःचाही डबा न विसरता बरोबर घ्यावा!