ओळख आपल्या तालुक्याची : अक्राणी (धडगाव) – भूगोल, लोक आणि कारभार



मागच्या आठवड्यात भूगोलाच्या तासाला मी व्याख्या सांगत होतो. चारही बाजूंनी पाणी असलेला भूभाग म्हणजे बेट, तीन बाजूंनी पाणी असेल तर द्वीपकल्प. नर्मदाकाठच्या पाड्यावरून आलेला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमच्या पाड्याच्या तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला डोंगर. मग आमचं काय?"

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पुस्तकातली बेटं दूरच्या समुद्रात असतात. धरणाच्या पाण्यामुळे तयार झालेला बेटासारखा मुलूख मात्र आपल्याच तालुक्यात आहे. म्हणून आज एखाद्या लहान देशाचा अभ्यास करतो, तसा आपण आपल्या तालुक्याचा अभ्यास करू. त्यासाठी चार प्रश्न पुरेत : तो कुठे आहे? तिथे कोण राहतं? ते कशावर जगतात? आणि तिथले निर्णय कोण घेतं?

१) स्थान आणि भूरचना

महाराष्ट्राच्या नकाशात वरच्या डाव्या कोपऱ्यात बघा. तिथे नंदुरबार जिल्हा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचं विभाजन होऊन तो तयार झाला. त्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके आहेत. अक्राणीचं मुख्य ठिकाण धडगाव. म्हणूनच बरेच जण तालुक्यालाही 'धडगाव तालुका' म्हणतात. कागदावर मात्र नाव 'अक्राणी'.

आपला तालुका सातपुड्याच्या कुशीत आहे. दक्षिणेला डोंगर उतरला की शहादा-तळोद्याची सपाट, काळ्या मातीची जमीन आणि तापीचं खोरं लागतं. उत्तरेला डोंगर उतरला की नर्मदा. म्हणजे सातपुडा हा या दोन नद्यांमधला जलविभाजक. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि सुमारे १३१२ किलोमीटर वाहून खंभातच्या आखाताला मिळते. त्यातली फक्त ५४ किलोमीटर लांबी महाराष्ट्राच्या वाट्याला आली, तीही सीमेवरून. पलीकडचा काठ दुसऱ्या राज्याचा.

अस्तंभा हे इथलं उंच शिखर, उंची १३२५ मीटर. दिवाळीत त्याची यात्रा भरते. लोक त्याचा संबंध अश्वत्थाम्याशी जोडतात. तोरणमाळचं पठार आणि तिथला यशवंत तलावही आपल्याच तालुक्यात येतो. धडगावजवळून वाहणारी उदई नदी उत्तरेकडे जाऊन नर्मदेला मिळते. तिच्यावर बिलगावचा धबधबा आहे.

आता ही भूरचना माणसाच्या पायाशी जोडून बघा. तळोद्याहून धडगावला यायचं तर चांदसैली घाट चढावा लागतो. पावसाळ्यात दरड कोसळली की घाट बंद. सप्टेंबर २०२१ मध्ये असाच घाट बंद होता. एक माणूस आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे पायी निघाला, पण ती वाचली नाही. राज्यभर बातमी झाली. आपल्याकडे रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीतून आणतात, तिला पेपरवाल्यांनी 'बांबूलन्स' असं नाव दिलंय. नाव ऐकून हसू येतं, पण झोळीत झोपलेल्या माणसाला येत नाही.

म्हणून लक्षात ठेवा, आपल्याकडे अंतर किलोमीटरमध्ये सांगून भागत नाही. 'किती वेळ लागतो आणि कोणत्या ऋतूत' हेही सांगावं लागतं.

२) पाणी आलं आणि गावं तुटली

५ एप्रिल १९६१ रोजी गुजरातमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते नर्मदेवरच्या धरणाची पायाभरणी झाली. पुढे राज्यांमध्ये पाण्यावरून वाद झाला, लवाद बसला आणि १९७९ मध्ये त्याचा निवाडा आला. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राला २७ टक्के वाटा ठरला. आणि बुडीत? महाराष्ट्रातली ३३ गावं, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली. म्हणजे वीज सगळ्या राज्याची, पाणी मात्र दोन तालुक्यांच्या दारात.

धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत १३८.६८ मीटर झाली. १७ सप्टेंबर २०१७ रोजी लोकार्पण झालं आणि २०१९ च्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा पूर्ण भरलं. पाणी नदीच्या पात्रातच थांबलं नाही, ते उदईसारख्या उपनद्यांच्या दऱ्यांत उलटं शिरलं. याला 'फुगवटा' म्हणतात. पूर्वी ज्या नाल्यातून पायी पलीकडे जाता यायचं, तिथे आता बोट लागते. उंचावरचे पाडे बुडाले नाहीत, पण तुटले. माझ्या विद्यार्थ्याचा पाडा त्यातलाच.

निवाड्यानुसार जमीन गेलेल्या पात्र कुटुंबाला जमिनीच्या बदल्यात किमान दोन हेक्टर जमीन द्यायची होती. त्यातून तळोदा-शहादा भागात सोमावल, रेवानगर, नर्मदानगर अशा वसाहती झाल्या. काही कुटुंबं तिकडे गेली, काही डोंगरातच वर सरकली. त्यामुळे आज एकाच घरातला काका सपाटीवर आणि पुतण्या काठावर, असं चित्र दिसतं. पुनर्वसनासाठी इथे दीर्घकाळ आंदोलन झालं. नर्मदा बचाओ आंदोलनाने काठावरच्या मुलांसाठी 'जीवनशाळा' सुरू केल्या. निमगव्हाणची जीवनशाळा आपल्याच तालुक्यातली.

बिलगावची गोष्टही सांगायला हवी. २००३ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदान केलं, तरुण अभियंत्यांनी साथ दिली आणि धबधब्याच्या पाण्यावर छोटा वीजप्रकल्प उभा राहिला. घराघरांत दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात तो फुगवट्याच्या पाण्यात गेला. 'स्वदेस' चित्रपटातल्या विजेच्या प्रसंगामागे बिलगावची प्रेरणा असल्याचं सांगतात.

३) लोक, भाषा आणि पोट

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातीचे आहेत. अक्राणीत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर जातं. पावरा आणि भिल्ल हे इथले मुख्य समाज. घरात पावरी किंवा भिलोरी बोलली जाते. म्हणजे पहिलीत आलेल्या मुलासाठी मराठी ही शाळेत भेटणारी नवी भाषा. बाहेरून येणाऱ्या शिक्षक मित्रांना हे मुद्दाम सांगतो. मूल गप्प बसलं म्हणजे त्याला येत नाही असं नसतं, कधी कधी आपलीच भाषा त्याला येत नसते. जिल्ह्याची साक्षरता २०११ मध्ये ६४.४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. हा आकडा वाचताना भाषेचा आणि वाटेचा विचार केलाच पाहिजे.

इथलं गाव म्हणजे एका जागी दाटीने वसलेली घरं नव्हेत. प्रत्येकाचं घर त्याच्या शेतात, आणि थोड्या घरांचा मिळून एक पाडा. एका गावाचे कितीतरी पाडे, मध्ये टेकड्या आणि नाले.

डोंगरउतारावर ज्वारी, मका, तूर आणि मोर, बर्टी, राळा यांसारखी भरडधान्यं पिकतात. उन्हाळ्यात घराघरांसमोर कैऱ्यांच्या फोडी वाळत पडलेल्या दिसतात, तो आपला आमचूर. धडगावचा बाजार त्यासाठी ओळखला जातो. मोहफुलं, चारोळी, तेंदूपानंही जंगलातून येतात. काठावर मासेमारी वाढली आहे. पण एवढ्यावर वर्ष निघत नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं ऊसतोडीला किंवा गुजरातकडे मजुरीला जातात आणि होळीला परततात. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार भरला की वर्गातली रिकामी बाकं पुन्हा भरू लागतात. आम्हा शिक्षकांचं कॅलेंडर हे असं असतं.

४) कारभार कोण चालवतं?

इथे जगाच्या नकाशावर क्षणभर जाऊ. कॅरिबियन समुद्रात मॉन्टसेराट नावाचं बेट आहे, क्षेत्रफळ जेमतेम १०२ चौरस किलोमीटर. ते ब्रिटनच्या अखत्यारीत आहे. तिथला गव्हर्नर ब्रिटनचा राजा नेमतो, पण लोक आपली विधानसभा निवडतात आणि तिथल्या सरकारचा प्रमुख प्रीमियर असतो. १९९५ मध्ये तिथला ज्वालामुखी जागा झाला, राजधानी प्लिमथ राखेखाली गाडली गेली आणि निम्म्याहून जास्त लोकांना बेट सोडावं लागलं. लहान जागा, विस्थापन आणि निर्णयाचं एक टोक फार दूर. ओळखीचं वाटतं ना? फरक एवढाच, तिथे डोंगर फुटला आणि इथे पाणी चढलं. ज्वालामुखीला कुणी विचारू शकत नाही. धरण माणसं बांधतात, त्यामुळे 'आम्हाला विचारलं का?' हा प्रश्न इथे विचारता येतो.

आता आपल्या कारभाराच्या पायऱ्या बघू :

* राज्यघटना : अनुच्छेद २४४(१) आणि पाचवी अनुसूची यांनुसार आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. अशा क्षेत्रांबद्दल राज्यपालांवर विशेष जबाबदारी असते.
* लोकप्रतिनिधी : अक्राणी हा पूर्वी स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. फेररचनेनंतर अक्कलकुवा आणि अक्राणी मिळून 'अक्कलकुवा' झाला. राज्यातल्या २८८ मतदारसंघांच्या यादीत त्याचा क्रमांक आहे १. नंदुरबार लोकसभा मतदारसंघाचाही क्रमांक १. शेजारच्या तालुक्यातल्या मणिबेलीला राज्यातलं पहिलं मतदान केंद्र मानतात आणि तिथे मतदान यंत्रं बोटीने न्यावी लागतात.
* प्रशासन : धडगावला तहसील आणि पंचायत समिती, शहरासाठी धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक नगरपंचायत. आदिवासी विकासाचा प्रकल्प कार्यालयीन कारभार तळोद्याहून चालतो, म्हणजे घाट उतरून.
* वनगावं : अक्राणी-अक्कलकुव्यातली ७३ गावं कित्येक वर्षं 'वनगावं' होती. त्यामुळे शेत कसणाऱ्याच्या हातात सातबारा नव्हता. त्यांना महसुली दर्जा मिळणं आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने जमिनीचे दावे मंजूर होणं, हे इथल्या माणसासाठी फार मोठं आहे.
* ग्रामसभा : १९९६ चा पेसा कायदा आणि त्याचे राज्याचे २०१४ चे नियम यांनी सगळ्यात खालच्या पायरीला बळ दिलं. पाड्यालासुद्धा ठराव करून, ठरलेल्या पद्धतीने स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवता येते. गौण वनोपज, पाणीसाठे, दारूविक्री, सावकारी यांवर ग्रामसभेला अधिकार आहेत. भूसंपादनाआधी तिच्याशी विचारविनिमय करावा लागतो.

शेवटचा मुद्दा नीट वाचा. धरणाचा निवाडा १९७९ चा आणि पेसा १९९६ चा. ज्या कायद्याने आधी विचारणं बंधनकारक केलं, तो आपल्याकडे पाण्याच्या नंतर आला. म्हणून ग्रामसभेच्या दिवशी आई-बाबा मजुरी बुडवून जात असतील, तर त्यांना अडवू नका. परत आल्यावर विचारा, 'कशावर बोलणं झालं?'

सरकारनेही पाण्यातून वाट काढली आहे. नर्मदाकाठी तरंगता दवाखाना आणि बोट-अ‍ॅम्ब्युलन्स चालते. २०२० च्या टाळेबंदीत अक्कलकुवा तालुक्यातल्या एका अंगणवाडीसेविकेने मासेमारीची नाव स्वतः वल्हवत पाड्यांवरच्या बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत आहार पोहोचवला. पाड्यावरच्या बाईसाठी त्या दिवशी 'शासन' म्हणजे ती नाव होती.

मग त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर काय? व्याख्येप्रमाणे त्याचा पाडा बेट नाही, द्वीपकल्पासारखा आहे. पण चौथ्या बाजूचा डोंगर पावसाळ्यात चढता येत नसेल, तर तिथे राहणाऱ्यासाठी तो बेटच. मी त्याला दोन्ही उत्तरं वहीत लिहायला सांगितली.

करून पाहा

१) तुमच्या घरापासून दवाखाना, शाळा, रेशन दुकान आणि तहसील किती वेळाच्या अंतरावर आहे? उन्हाळा आणि पावसाळा असे दोन रकाने करा.
२) आजी-आजोबांना विचारून पाणी चढण्याआधीचा तुमच्या पाड्याचा नकाशा काढा. त्यांनी सांगितलेली नावं त्यांच्याच भाषेत लिहा.
३) तुमच्या ग्रामसभेच्या मागच्या बैठकीतला एक ठराव मिळवून वर्गात वाचून दाखवा.

शिक्षक मित्रहो, मुलांनी काढलेले नकाशे जपून ठेवा. आजोबा सांगत असताना काढलेला नकाशा पुन्हा काढून मिळत नाही.