पुस्तक नेहमी ‘बाहेर’च का असतं?

गाजलेलं पुस्तक मागितलं की वाचनालयात उत्तर ठरलेलं: ‘बाहेर आहे, नंबर लावून ठेवा.’ यात ग्रंथपालाचा आळस क्वचितच असतो. गणित करून बघा. एक प्रत, १५ दिवसांची मुदत. सगळ्यांनी अगदी वेळेवर परत केलं तरी वर्षाला २४ वाचक. तुमचा नंबर तिसावा असेल तर जवळजवळ सव्वा वर्ष थांबायचं. आणि वेळेवर परत करतं कोण? शिवाय हातोहात फिरून खिळखिळं होतं ते गाजलेलंच पुस्तक, मग तेच बाइंडिंगला जातं.

मग पाच प्रती का घेत नाहीत? महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, पण त्यात ग्रंथालय-कर नाही. बहुतेक वाचनालयं स्थानिक संस्था चालवतात, तीही शासनाचं अनुदान, वर्गणी आणि देणग्या यांवर. तुटपुंज्या पैशांत एकाच्या पाच प्रती म्हणजे दुसरी चार पुस्तकं गेली. त्यात दोन वर्षांनी मागणी ओसरते आणि चार प्रती कपाटात धूळ खातात. ही भीती खोटी नाही.

मला विचाराल तर दुसरी प्रत घ्यावीच, आणि नव्या पुस्तकाला मुदत सात दिवसांची ठेवावी. तीच एक प्रत मग वर्षात ५२ जणांकडे जाते. (सहाशे पानी कादंबरीला थोडी सवलत द्या!) रंगनाथनांनी १९३१ मध्येच पाच सूत्रांत सांगितलं होतं, वाचकाचा वेळ वाचवा. ज्याला परवडतं तो कंटाळून पुस्तक विकत घेतो. रांगेत उरतो तो न परवडणारा.