जुन्या रंधायंत्राचें टेबल

घरांतील कपाटाच्या दारावरून हात फिरविला असतां तें या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीचें लागतें, याचें नवल सहसा कोणास वाटत नाहीं. हातरंध्यानें फळीची एक बाजू सपाट करणें चांगल्या सुतारास साधतें. परंतु दुसरी बाजू पहिलीशीं अगदीं समांतर आणणें हें त्यालाहि घाम फोडणारें काम आहे. तें काम करणाऱ्या यंत्रास कारखान्यांत ‘थिकनेसर’ म्हणतात. कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमध्यें सॅम्युअल बेंथम यानें १७९१ व १७९३ सालीं लाकूडकामाच्या यंत्रांचीं पेटंटें घेतलीं. अमेरिकेंत विल्यम वुडवर्थ यानें १८२८ सालीं फिरतीं पातीं आणि फळी पुढें सरकविणारे रूळ यांची जोड घातली, व त्या मक्तेदारीपायीं पुढें कित्येक वर्षें तेथील न्यायालयांत खटले गाजले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतलीं बिडाचीं अवजड यंत्रें अजूनहि ठिकठिकाणीं चालतांना दिसतात. मात्र त्यांतलीं कांहीं केवळ टेबल अडकलें म्हणून भंगारांत जातात, आणि हें पुष्कळदा विनाकारण घडतें.

या यंत्रांत पातीं बसविलेला दंडगोल वर एकाच जागीं गरगर फिरतो, आणि खालचें टेबल वर-खालीं होतें. दोहोंमधील अंतर तीच फळीची जाडी. टेबल उचलण्याची रीत सर्वत्र सारखी नसते. कोठें उतरत्या पाचरीवर तें सरकतें, तर पुष्कळ यंत्रांत दोन किंवा चार उभे स्क्रू असतात. दोन स्क्रूंच्या यंत्रांत बाहेरचें हातचाक फिरविलें कीं एक आडवा दांडा फिरतो. त्यावरील दातेरी चाकें स्क्रूंच्या पायथ्याशीं असलेल्या चाकांत अडकलेलीं असतात. त्यामुळें दोन्ही स्क्रू एकदम फिरतात व टेबल पातळींत राहून चढतें.

हातचाक जड झालें म्हणजे त्याला लोखंडी नळी घालून जोर करण्याचा मोह होतो. या मोहानेंच जुन्या यंत्रांचा घात होतो. स्क्रू पोलादाचा आणि त्यावरचा नट कांशाचा असतो. झीज व्हावयाचीच तर ती नटाची व्हावी, स्क्रूची होऊं नये, अशी ती योजना असते. जोर केला कीं त्या नटाचे आटे साफ उडतात. नवा नट करवून घेतां येतो. पण दोन्ही स्क्रू एकमेकांच्या उलट दिशेनें फिरणारे असल्यास एकाचे आटे डावे असतात. हें न पाहतां कांतकाऱ्याकडे गेलेला मनुष्य हमखास दुसरी फेरी करतो!

खरें म्हणजे जडपणाचें कारण बहुधा क्षुद्र असतें. कोणे एके काळीं घातलेलें तेल, लाकडाचा भुसा आणि राळ यांचा आट्यांत डिंकासारखा थर बसतो. यंत्राची वीज तोडून, घासलेट आणि पितळी तारेचा ब्रश यांनीं तो थर काढावा. पॉलिश कागदाची पूड मात्र जवळ येऊं देऊं नये, कारण तिचे कण मऊ कांशांत रुततात व मग नटच कानशीसारखा स्क्रू खाऊं लागतो. आटे कोरडे झाल्यावर मेण किंवा ग्रॅफाइट लावणें बरें. पातळ तेल पुन्हां भुसा गोळा करतें. स्क्रूच्या बुडाशीं सारा भार पेलणारी चकती किंवा गोळ्यांचें बेअरिंग असतें. तें कोरडें पडलें असल्यास वरची सारी सफाई फुकट जाते.

दुसरी तक्रार अशी कीं फळी एका कडेस जाड व दुसऱ्या कडेस पातळ निघते. येथें तपासणी पात्यांवरून करूं नये; पातींच तिरपीं बसविलेलीं असूं शकतात. कठीण लाकडाचा एक ठोकळा टेबलावर दंडगोलाखालीं ठेवावा, दंडगोलाच्या अंगाशीं उरलेली फट फिलर गेजनें मापावी, आणि तोच ठोकळा दुसऱ्या कडेस नेऊन पुन्हां मापावी. एकच ठोकळा वापरल्यानें उंची सारखी असल्याचा प्रश्नच उरत नाहीं.

फरक आढळला तर एका स्क्रूचें दातेरी चाक एखादा दाता घसरलें असण्याचा संभव असतो. समजा, स्क्रूला इंचास पांच आटे आहेत व त्याच्या चाकाला वीस दाते आहेत. एक दाता म्हणजे फेऱ्याचा विसावा भाग, आणि एक फेरा म्हणजे इंचाचा पांचवा भाग; म्हणून एका दात्यानें ती बाजू इंचाच्या शंभराव्या भागानें चुकते. हें ऐकावयास थोडें वाटतें, पण सांध्यांत ती चूक उघडी पडते.

दुरुस्ती अवघड नाहीं, मात्र चाक सोडविण्यापूर्वीं टेबलाखालीं भक्कम लाकडी टेकू द्यावेच लागतात. बिडाचें टेबल एकट्याच्या हातांनीं सांवरण्याजोगें नसतें, आणि त्याखालीं सांपडलेलें बोट परत मिळत नाहीं. टेकू दिल्यावर एका बाजूचें चाक दात्यांतून सरकवून तेवढाच स्क्रू हलकेच फिरवावा, फट मापावी, व चाक पुन्हां अडकवावें. फरक एका दात्याहून कमी असेल तर चाक दांड्यावर किंचित् फिरवून पुन्हां कसतां येतें. तें खिळीनें पक्कें असेल तर नटाच्या बैठकीखालीं पातळ पितळी पत्रा घालून काम भागतें.

टेबल उतरवतांना तें कधीं बाजूच्या मार्गांत अडकून राहतें व कापतांना एकदम खालीं बसतें. म्हणून हव्या मापाच्या खालीं जाऊन मग वर चढत यावें व तेथेंच कळ आवळावी. शेवटीं सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या, एक डाव्या व एक उजव्या कडेनें, एकाच मापावर रंधून पाहाव्या. त्या इतक्या आंखूड नसाव्या कीं दोन रुळांमध्येंच अडकतील. दोन्हींची जाडी कॅलिपरनें सारखी भरली कीं बाहेरच्या पट्टीवरील कांटा सैल करून त्याच मापावर आणून ठेवावा. या सगळ्या उलाढालींत त्याचें जुनें स्थान खोटें ठरलेलें असतें.