फरिना : एका भूमिकेआडचा बालनट

अमेरिकन चित्रपटाच्या प्रारंभकाळातील बालनटांचा विचार करताना ॲलन हॉस्किन्स याच्या कारकिर्दीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. हॅल रोच या निर्मात्याने १९२२ साली 'अवर गँग' ही लघुपटमाला सुरू केली. गल्लीतील गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांचे एकत्र खेळ आणि भांडणे हा तिचा विषय. दक्षिणेकडील राज्यांत वर्णविभाजनाला कायद्याचा आधार असलेल्या त्या काळात ही रचना असामान्यच होती. १९१९ साली रोचने करारबद्ध केलेला अर्नेस्ट मॉरिसन हा तिच्यातील पहिला प्रमुख कृष्णवर्णीय बालनट होय. १९२४ मध्ये तो रंगमंचाकडे वळला आणि हॉस्किन्सला अधिक महत्त्व आले.

१९२० साली बॉस्टन येथे जन्मलेला हॉस्किन्स दोन वर्षांचा असतानाच या मालेत आला. १९३१ पर्यंत त्याने तिच्या १०५ लघुपटांत काम केले. पडद्यावरील त्याचे नाव मात्र 'फरिना', म्हणजे गव्हाच्या रव्याची लापशी. फितींनी बांधलेल्या वेण्या आणि जुनेर कपडे हा त्याचा वेष. तो मुलगा की मुलगी, हेही मूकपटांत संदिग्ध ठेवले जाई. भुतांच्या भयाने केस ताठ उभे राहणे, हा त्याचा ठरीव विनोद.

येथे एक अंतर्विरोध दिसतो. टोळीत फरिना बरोबरीचा सवंगडी आहे. परंतु त्याच्याभोवतीचा विनोद कृष्णवर्णीयांचे विडंबन करणाऱ्या 'मिन्स्ट्रेल' खेळांच्या परंपरेतून आलेला आहे. म्हणून या मालेला समतेचा आदर्श म्हणणे किंवा केवळ वर्णद्वेषाचा नमुना ठरविणे, ही दोन्ही मते अपुरी होत. नुसत्या सहवासाचे मोलही थोडे नव्हते. रोचच्याच 'कर्ली' या चित्रपटात गोरी व कृष्णवर्णीय मुले शाळेत एकत्र दाखविली होती, एवढ्यावरून मेम्फिस शहराच्या अभ्यवेक्षण मंडळाने १९४७ साली त्यावर बंदी घातली.

बालवय सरताच 'फरिना'चे प्रयोजन संपले. प्रौढ कृष्णवर्णीय नटाला हॉलिवुडमध्ये तेव्हा नोकरचाकरांपलीकडील भूमिका क्वचितच मिळत. हॉस्किन्सने दुसऱ्या महायुद्धात सैन्यात सेवा केली आणि पुढे अपंगांच्या पुनर्वसनाचे कार्य पत्करले. १९८० साली तो निवर्तला. प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली ती भूमिका. तिच्याआडचा माणूस स्वतंत्रपणे नोंदविणे, हे चित्रपटेतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.